दिवेलागणीचं गोड

लोणावळ्याच्या पेठेत ताजुद्दीनच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. स्टेशनातून बाहेर पडलं की भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाच्या पाकाचा वास यायचा. त्या वासाच्या मागं चालत गेलं की दुकान. बाप फकरुद्दीन घाटात रुळांवर राबणाऱ्या मजुरांना डोक्यावरच्या टोपलीतून गुडदाणी विकायचा. पुढं टोपलीची फळी झाली, फळीचं दुकान झालं, आणि गुडदाणीच्या जोडीला रेवड्या, बत्तासे, खारे दाणे आले. पाडव्याच्या आधी पंधरा दिवस मात्र बाकी सगळं बाजूला सरायचं आणि साखरेच्या गाठ्या सुरू व्हायच्या.

दुकानाला एक खोड होती. तराजूचा काटा सरळ झाला की ताजुद्दीन आणखी एक तुकडा उचलून वर टाकायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "झालं की वजन." तो म्हणायचा, "ते तुमचं झालं. हे माझं." तापाच्या साथीच्या साली पेठेत घरागणिक माणसं अंथरुणाला खिळली, तेव्हा हा गडी दारोदार खडीसाखर ठेवत फिरला होता आणि कुणी विचारलं तर चिडायचा. बायको जाहिदा म्हणायची, "असंच चाललं तर एक दिवस तुम्ही दुकानच वर टाकाल."

एकोणीसशे सत्तावीस सालची गोष्ट. त्या वर्षी रमजान आणि पाडवा एकमेकांना येऊन चिकटले होते. रविवारी पाडवा, त्याच संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ईद. पेठेतल्या भैरोबाच्या देवळापुढं जी मोठी गुढी उभी राहायची तिची पाच शेरांची मानाची गाठी फकरुद्दीनच्या काळापासून याच भट्टीवर व्हायची. पण पुण्याकडून येणाऱ्या बातम्या त्या साली बऱ्या नव्हत्या. कुठं मशिदीपुढच्या वाजंत्रीवरून डोकी फुटली, कुठं दुकानं बंद पडली. लोणावळ्यात काही झालं नव्हतं, पण बोलणं सुरू झालं होतं.

बोलणाऱ्यांत पुढं होता दत्तोबा, देवळाच्या पंचांतला एक. मोठा आवाज, मोठ्या मिश्या आणि मनात काही ठेवायची ताकद नाही. आठ दिवस आधी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताजूभाऊ, यंदा गाठी पुण्याहून आणावी असं चाललंय पंचांचं. थोरले पंच रखमाजी आबा अडून बसलेत म्हणून तुमच्याकडं. तवा यंदा जरा नीट."

"आजवर कधी वाकडी झाली?"

"आजवरचं सोडा. यंदाचं बोलतोय मी."

दत्तोबा जाताना ताजुद्दीननं सवयीनं रेवड्यांची मूठ पुढं केली. दत्तोबानं ती न घेता धोतराचा सोगा सावरला आणि निघून गेला. वीस वर्षांत वर टाकलेलं कुणी नाकारलं नव्हतं. ताजुद्दीनला ते लागलं, चांगलंच लागलं.

भट्टीवर कामाला धोंडाबाई होती, आंदर मावळातली, पन्नाशी ओलांडलेली. पंधरा वर्षं गाठ्यांच्या हंगामात ती पेठेतल्या बहिणीकडं मुक्कामाला येई. यंदा तिच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. साचे आवळून बांधायचे तर बोटांत जोर लागतो. म्हणून तिनं सुनेला बरोबर आणलं होतं. सून शालूबाई, वीस-बावीसची, नवरा खडकीच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी येणारा. सासूनं वाटेतच बजावलं होतं, "भट्टीपाशी एकदा सांगितलं की हात हलला पायजे. तोंड न्हाई. पाक थांबत न्हाई कुनासाठी."

शालू हलक्या हाताची निघाली. सागवानी साचे पाण्यात भिजवायचे, दोन फाकांमध्ये दोरा ताणून धरायचा, सुतळीनं आवळायचे, पाक ओतला की शंभर मोजायचं आणि साचा उकलायचा. चार दिवसांत ती हे सगळं शिकली. दुकानाचे दोन रिवाजही शिकली. पहिला असा, की पाडव्याची गाठी गुढीवर चढेपर्यंत तिचा कणसुद्धा कुणी तोंडात टाकायचा नाही. फुटलेले मणी वेगळ्या परातीत. फकरुद्दीननं घालून दिलेला हा नेम मुलानं दगडावरच्या रेघेसारखा पाळला होता. दुसरा रिवाज असा, की उकळत्या पाकापुढं साखरेचं नाव काढायचं नाही. नाव घेतलं की पाक बिथरतो, खडा धरतो, असं म्हातारा म्हणायचा. भट्टीवर साखरेला म्हणायचं गोड. "गोड आण", "गोड चाळ", "मूठभर गोड टाक." शालू दिवसभर ऐकायची आणि डबा पुढं करायची.

शुक्रवारी मानाची गाठी ओतायची ठरली होती. ताजुद्दीन जुम्म्याची नमाज पढून आला तोवर ऊन कललं होतं. त्यात लाकडं ओली निघाली. भट्टी धुमसत राहिली, पाक चढायला वेळ लागला. रोज्याचा दिवस. पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि समोर तापलेली कढई. घाम वाहून वाहून त्याच्या भुवयांवर पांढरी रेघ उमटली होती. ओठ सुकून फुटले होते. झाऱ्यावरून सुटणारी तार तो नुसती डोळ्यांनी जोखत होता. जाहिदानं मागच्या दाराशी रोजा सोडायचं ताट मांडलं. बशीत चिमूटभर मीठ, गुडदाणीचा तुकडा, पाण्याचा गडू. त्या घरात रोजा मिठानंच सुटायचा.

धोंडाबाई परसात साचे धूत होती. जाहिदानं कोनाड्यात दिवा लावला. शालूनं दिव्याला हात जोडले.

तार आली. ताजुद्दीननं कढई खाली घेतली आणि घोटायला सुरुवात केली. अशा वेळी कोरडी साखर ओंजळभर टाकून घोटलं की पाक दाणा धरतो, पांढरा होतो. तो क्षण निसटला की गेला. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. मान न वळवता तो घोगऱ्या आवाजात ओरडला, "गोड टाक! ओंजळभर!"

शालू क्षणभर थांबली. शेजारी दोन भांडी होती. डब्यात साखर होती आणि मडक्यात खाऱ्या दाण्यांसाठी कुटलेलं बारीक मीठ. तिचा हात डब्याकडं गेला आणि थबकला. दिवा लागला होता.

"टाक म्हणतो ना!"

तिनं मडक्यात ओंजळ घातली आणि कढईत रिकामी केली.

पाक पांढरा झाला. साच्यांत पडला. तेवढ्यात बांग झाली. ताजुद्दीन तसाच मागच्या दाराशी गेला, बशीतलं मीठ जिभेवर ठेवलं, मग पाणी प्याला आणि भिंतीला पाठ टेकून बसून राहिला. साचे उकलले तेव्हा गाठी देखणी निघाली होती. सुपारीएवढे मणी आणि मधोमध तळहाताएवढं पदक. धोंडाबाईनं ती आढ्याच्या आकड्याला टांगली. शालूकडं बघून म्हणाली, "शिकलीस गं बया."

शनिवारी अमावास्या. सकाळी घाटातून धुकं वर आलं आणि पेठेत शिरलं. जाहिदा झाडायला म्हणून आत गेली ती लगेच बाहेर आली.

"जरा आत या."

मानाच्या गाठीखाली जमिनीवर ओलं वर्तुळ उमटलं होतं. मण्यांवर दव साचावं तसे थेंब होते. पदकाच्या कडेला एक थेंब लोंबत होता. तो पडला आणि त्या जागी दुसरा भरायला लागला. ताजुद्दीननं शेजारच्या आकड्यावरच्या लहान गाठ्यांना हात लावला. त्या कोरड्या ठणठणीत होत्या. साखर त्याच पोत्यातली, भट्टी तीच, हातही तोच. मग हिलाच का पाणी सुटावं?

"पाक कच्चा राहिला असंल," धोंडाबाई म्हणाली. "इंगळावर धरू, सुकंल."

"कच्चा नव्हता. तार मी बघितली."

"मग सादळली."

"सगळ्या सोडून ही एकटीच?" त्यानं बोट थेंबाला लावलं, अंगठ्यावर चोळलं. साखरेसारखं चिकटलं नाही. "हिच्यात काहीतरी पडलंय."

शालू दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

काय पडलंय ते कळायला एकच उपाय होता आणि तो तिथं कुणालाच करता येत नव्हता. ताजुद्दीनला रोजा, जाहिदाला रोजा. धोंडाबाई दोन पावलं मागं सरली. "मी न्हाई भाऊ, अन् पोरगीबी न्हाई. गुढीच्या आधी मी तोंडात घालनार न्हाई. एकुलता एक ल्योक हाय मला." बाहेरच्या कुणाला हाक मारावी तर दुपारपर्यंत पेठेत बोभाटा. आणि दुपारीच दत्तोबा ताट घेऊन गाठी न्यायला येणार होता.

जाहिदा हळू आवाजात म्हणाली, "जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका. स्वयंपाकाला चालतं तेवढं. रोजा मोडत नाही त्यानं."

"थुंकू?" ताजुद्दीननं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पदर तोंडाशी नेला. "देवाच्या नावानं केलेली गाठी तोंडात घेऊन थुंकू मी? उद्या कुणाला कळलं तर मीठमसाला लावायचीसुद्धा गरज पडायची नाही."

"मग तशीच मोडा. नवी करा."

"निव्वळ अंदाजानं मोडू? आणि साखरेतच काही असलं तर? नवीही तशीच होईल. मग या सगळ्यासुद्धा." त्यानं आढ्याकडं हात केला. सत्तर-ऐंशी गाठ्या टांगलेल्या होत्या, कार्ल्याच्या, वडगावच्या, आसपासच्या वाड्यांच्या. "उद्या सकाळी गावोगाव लोक प्रसाद म्हणून हेच तोंडात घालणार. वर्षाच्या पहिल्या दिवशी."

धुकं विरळ होत होतं. रस्त्यानं एक बैलगाडी गेली. शेवटून दुसरा रोजा होता. वयाच्या नवव्या वर्षापासून त्यानं एकही सोडला नव्हता, तापात नाही, बाप गेला त्या दिवशीही नाही. तो खाली बसला, हात धुतले, बिस्मिल्ला म्हटलं आणि पदकाखालचा सगळ्यात लहान मणी तोडून तोंडात टाकला. चावला आणि गिळला.

"मीठ," तो म्हणाला.

जाहिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिठासाठी नव्हतं.

"मीठ कोन घालंल?" धोंडाबाईचा आवाज चढला. "कोन मेला आलता हितं? कवा?" आणि मग ती बोलता बोलता थांबली. सुनेकडं वळली. "शालू. काल मी परसात हुते तवा काय टाकलंस तू?"

"भाऊंनी सांगितलं तेच."

"काय सांगितलं?"

शालूनं मडक्याकडं बोट केलं. "गोड," ती म्हणाली. "गोड टाक म्हनले. मी पुसनार हुते. पर दिवा लागला हुता, आत्या."

धोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि मटकन खाली बसली. ताजुद्दीनला काही उमगेना.

"आमच्याकडं तिन्हीसांजेनंतर त्याचं नाव घेत न्हाईत, भाऊ," ती म्हणाली. "दिवा लागला की त्याला गोड म्हंत्यात. भाजीत गोड घाल, गोडाचं मडकं झाक. लक्ष्मीची येळ असती. मी पंधरा वर्सं आले, पर दिवेलागणीला माझा पाय हितं कवा राह्यला? अन् पोरीला हे सांगायचं माझ्याच ध्यानात आलं न्हाई." मग ती सुनेवर तुटून पडली. "आगं पर साखरंच्या पाकात! डोकं गहान ठेवलं हुतंस का?"

"घावनात, खिरीत घालतोच की चिमटीभर," शालू रडत म्हणाली. "मला वाटलं, मोठी कढई हाय म्हनून ओंजळ."

ताजुद्दीन हसला असता, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. त्यानं हात वर करून धोंडाबाईला गप्प केलं. "पोरीला बोलू नका. मी गोड म्हणालो, तिनं गोडच टाकलं."

"दत्तोबाच्या कानावर गेलं तर भाऊ, त्याची बहीन आमच्याच वाडीत दिल्याली हाय. सात पिढ्या नाव राहील. देवाच्या गाठीत मीठ घालनारी. नांदू देनार न्हाईत तिला."

"जाणार नाही. तुम्ही ही पाटीत घ्या आणि नदीच्या डोहात सोडून या. झाकून न्या."

साखर किती आहे ते बघितलं. डब्यात जेमतेम दोन शेर. पेठेतलं किराण्याचं दुकान अमावास्येला उघडायचं नाही. जाहिदा घरात गेली आणि गाठोडं घेऊन आली. ईदच्या शीरखुर्म्यासाठी महिनाभर जपून ठेवलेली तीन शेर साखर. तिनं ती डब्यात ओतली.

"आणि ईदला?" त्यानं विचारलं.

"ईदला बघू."

भट्टी पुन्हा पेटली. ताजुद्दीनचा रोजा मोडला होता, तरी त्यानं पाण्याला हात लावला नाही. मोडला म्हणून काय झालं, दिवस तर रमजानचाच होता. शालू साचे भिजवत होती पण तिला दोरा साच्याच्या खाचेत बसवता येईना. त्यानं तिच्या हातून साचा घेतला, दोरा बसवला आणि परत तिच्याच हातात दिला. "आवळ," एवढंच म्हणाला.

पाकाला बुडबुडे यायला लागले तेव्हा दत्तोबा दारात उभा राहिला. हातात ताट, ताटावर नवा पंचा, मागं दोन माणसं.

"ताजूभाऊ, धोंडाबाई पाटी झाकून नदीवर चालली हुती. मी पंचा उचलून बघितलं." आवाज आज मोठा नव्हता आणि त्यामुळंच जास्त भीती वाटली. "आमची गाठी हुती ती."

"होती. बिघडली. नवी करतोय."

"कशानं बिघडली?"

"मीठ पडलं."

मागच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दत्तोबा आत आला. "मीठ आपसूक पडत न्हाई. कुनाच्या हातानं पडलं?"

शालूच्या हातातल्या साच्यातून पाणी टपकत होतं. तिनं मान खाली घातली होती. दत्तोबाची नजर फिरत फिरत तिच्यावर आली आणि थांबली.

"हातानं नाही," ताजुद्दीन म्हणाला. "तोंडानं बिघडली. माझ्या तोंडानं. चुकीचं सांगितलं मी."

"म्हंजे?"

"म्हणजे चूक माझी. पंचांना हेच सांगा."

"सांगू? आज काय चाललंय भवताली, ठाव हाय न्हवं तुमाला? मुसलमानानं देवाच्या गाठीत मीठ घातलं, असं सांगू मी?"

"मला जे झालं ते मी सांगितलं. तुम्हाला सांगायचं ते तुम्ही सांगा."

दत्तोबा कढईकडं वळला. "आन् ही तरी चांगली कशावरनं? आमी काय गुढीच्या आधी चाखनार न्हाई. तुमचा रोजा. मग कशावरनं?"

तार आली होती. ताजुद्दीननं कढई उतरवली. मग मान वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बापाच्या नेमाला न जुमानता म्हणाला, "शालू, साखर टाक. ओंजळभर साखर."

तिनं डबा उचलून त्याला दाखवला. तो हो म्हणाल्यावरच ओंजळ भरली. त्यानं घोटलं. पाक बिथरला नाही की काही नाही, शहाण्यासारखा पांढरा झाला. साचे भरले. झाऱ्याला राहिलेला पाक निवाला तसा त्यानं बोटानं खरवडला, दत्तोबासमोर तोंडात टाकला आणि गिळला.

"चांगली आहे. न्या."

दत्तोबा बघतच राहिला. "रोजा न्हाई का तुमचा?"

"सकाळी मोडला."

"कशापायी?"

"पहिली गाठी चाखायला. थुंकता येईना."

दत्तोबानं ताट फळीवर ठेवलं. तो पायरीवर जाऊन बसला. साचे निवून गाठी उकलेपर्यंत बसून राहिला. गाठी ताटात ठेवल्यावर त्यानं ती पंच्यानं नीट झाकली. उठताना फळीवरच्या रेवड्यांकडं बघितलं. ताजुद्दीननं मूठ पुढं केली. दत्तोबानं ती घेतली, कनवटीला लावली आणि गेला.

रविवारी गुढ्या चढल्या. पेठेत कुणी काही बोललं नाही, म्हणजे दत्तोबानं मनात काहीतरी ठेवायला जमवलं होतं. सूर्य मावळायच्या आधी गुढ्या उतरल्या, आणि थोड्याच वेळात डोंगरावर ईदचा चंद्र दिसला. दिवे लागताना देवळाचा गुरव जाहिदाच्या दारात ताट घेऊन आला. ताटात मानाच्या गाठीचं अख्खं पदक आणि वीसेक मणी. "रखमाजी आबांनी धाडलंय. दत्तोबा म्हनला, भट्टीपाशी रिकामं गाठोडं बघितलं, भाऊंच्या घरी उद्या साखर नसंल." जाहिदानं ते खलबत्त्यात कुटलं. त्या वर्षीचा शीरखुर्मा भैरोबाच्या गाठीवर गोड झाला.

ईद झाली. मोडलेला एक रोजा ताजुद्दीनच्या डोक्यावर होता. चौथ्या दिवशी त्यानं तो धरला, एकट्यानं, जाहिदाला तेवढं सांगून. भट्टीवर गुडदाणी चालू होती. धोंडाबाई आणि शालू दुसऱ्या दिवशी गावाकडं निघायच्या होत्या. दुपारी जाहिदानं दोघींना भाकरी दिली. संध्याकाळी फडकं उचलून बघते तर शालूची भाकरी तशीच.

"बरं नाही का गं?"

"बरी हाय, भाबी."

"मग जेवली का नाहीस? पाणी तरी प्यालीस?"

शालू दाणे निवडत राहिली. धोंडाबाईच म्हणाली, "काल तुमच्या तोंडून ऐकलं, अन् पहाटंपासनं थेंब घेतला न्हाई तिनं. म्हंती, भाऊंचा दिवस माझ्यापायी गेला, तो त्यांनी एकल्यानं का भरावा?"

घोटणारा हात थांबला. ताजुद्दीननं कढई खाली उतरवून ठेवली. गुडदाणीचा तो घाणा फुकट गेला आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

दिवा लागला. बांग झाली. जाहिदानं मागच्या दाराशी ताट मांडलं आणि त्या दिवशी दोन बश्या ठेवल्या. ताजुद्दीन बसला. शालू लांब उभी होती. तो म्हणाला, "ये. तू दिल्याशिवाय मी सोडत नाही."

तिनं मडक्यातून चिमूट उचलली. हात पुढं केला. आता दिवा लागलेला होता आणि त्याचं नाव घ्यायचं नव्हतं.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "गोड."

त्यानं जीभ पुढं केली. "गोडच आहे," तो म्हणाला, आणि मग दोघं पाणी प्याली.